घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? आधी काय घ्यायचं, नंतर काय घ्यायचं

गणपती झाले की मला हमखास एक प्रश्न येतो. दहा दिवस मांडवात गाऊन-वाजवून झालेलं असतं, टाळ्या मिळालेल्या असतात आणि मग एखादा भाचा किंवा शेजारचा मुलगा विचारतो, "दादा, घरी रेकॉर्डिंग करायचंय. माइक कोणता घेऊ?" मी विचारतो, "रेकॉर्ड काय करणार आहेस?" तो म्हणतो, "काहीही. सगळंच." पैसे वाया जायला इथूनच सुरुवात होते.

पेटी, तबला, टाळ आणि गळा घरच्या खोलीत रेकॉर्ड करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यातून एकच गोष्ट मनापासून पटली आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वस्तू कामापुरत्या चांगल्या असतात, माणसं चुकतात ती खरेदीच्या क्रमात. म्हणून हा सगळा लेख क्रमाने लिहिला आहे. उदाहरणं अभंग, भावगीत आणि लोकगीतांची आहेत, कारण मला ती जवळून माहीत आहेत. नुसते बीट बनवणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पहिली पायरी: एक गाणं ठरवा

कागद घ्या आणि त्यावर पुढच्या दोन महिन्यांत पूर्ण करायचं एकच गाणं लिहा. कोण गाणार, साथीला काय असणार हे लिहा. मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: एका वेळी किती जण वाजवणार?

तुम्ही एकटे असाल, तानपुऱ्यावर किंवा तयार ट्रॅकवर गाणार असाल, तर एक माइक पुरतो. आधी पेटी, मग त्यावर तबला, मग गळा असं एकामागून एक भरणार असाल तर एका माइकवर भागतं, दोन असले तर सुख. पण गायक, पेटी, तबला आणि टाळ सगळे एकत्र बसणार असतील तर किमान चार माइक आणि चार माइक लावता येतील असा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) लागतो. आणि सगळं संगीत कॉम्प्युटरच्या आतच तयार होणार असेल, तर सुरुवातीला माइक घ्यायचंही कारण नाही.

भजनाबद्दल माझं मत ठाम आहे. भजन तुकड्या-तुकड्यांनी भरलं की त्याचा जीव जातो. टाळकरी पखवाजवाल्याच्या हाताकडे बघून पुढे-मागे होतो, गायक श्वास घेतो तेव्हा पेटी भरून काढते. हे एकमेकांसमोर बसूनच होतं. म्हणून भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग हाच हेतू असेल तर दोन माइकचा इंटरफेस घेऊन सहा महिन्यांनी बदलण्यापेक्षा थोडं थांबा आणि चारचा घ्या. भावगीताला मात्र एकेक थर चढवत गेलेलं चालतं, उलट तिथे तेच सोयीचं पडतं.

दुसरी पायरी: आठ दिवस नुसता फोन

काहीही विकत घेण्याआधी आठ दिवस फोनवर रेकॉर्ड करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, तोंडापासून हातभर अंतरावर, पुस्तकांच्या चवडीवर ठेवा आणि ठरवलेलं गाणं गा. थर चढवून बघायचे असतील तर बँडलॅब हे मोफत अ‍ॅप फोनवर आणि ब्राउझरमध्येही चालतं. आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं.

मग हेडफोन लावून शांतपणे ऐका आणि काय खटकतं ते लिहून काढा. खोली घुमते? पंख्याची घरघर येते? रस्त्यावरची रिक्षा? शब्दाच्या शेवटी आवाज खाली जातो? लयीत मागे पडायला होतं? या यादीतल्या निम्म्या गोष्टी कोणत्याही वस्तूने सुटत नाहीत, त्या खोलीच्या आणि रियाजाच्या आहेत. उरलेल्या निम्म्यांवर पैसे खर्च करायचे. महाग माइकने दोष झाकले जात नाहीत, ते आणखी स्पष्ट ऐकू येतात.

तिसरी पायरी: खोली

ज्या पायरीला सर्वांत कमी पैसे लागतात, तिच्याकडेच कुणी लक्ष देत नाही. म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो.

खोलीच्या मध्ये उभे राहा आणि एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' असा बारीक थरथरता आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. आपल्याकडच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये हे हमखास होतं: खाली गुळगुळीत फरशी, चार बाजूंना रंगवलेल्या भिंती, सामान कमी. तीच टाळी बेडरूममध्ये वाजवा. गादी, कपड्यांनी भरलेलं कपाट, पडदे यांनी फरक लगेच कळतो. रेकॉर्डिंग तिथेच करायचं. खोलीच्या अगदी मध्यावर किंवा कोपऱ्यात बसू नका, दोन्ही ठिकाणी खर्जाचा आवाज फसवतो.

मग गोधडी. साध्या गायनाच्या माइकला समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकू येतं. माइकच्या समोर तुम्ही असता आणि तुमच्या पाठीमागे भिंत. त्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज माइकमध्ये शिरतो. म्हणून गोधडी गायकाच्या पाठीमागे टांगायची. बरेच जण ती माइकच्या मागे लावतात आणि मग फरक पडत नाही म्हणतात. दोरी बांधून दोन जाड गोधड्या एकावर एक टाकल्या, बाजूंना एकेक उभी गादी ठेवली आणि पायाखाली सतरंजी घातली की गळ्यासाठी खोली तयार झाली.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. पातळ फोमच्या पट्ट्यांवरही पैसे घालवू नका. कारण साधं आहे. १०० हर्ट्झच्या आवाजाची लांबी साधारण ३.४ मीटर असते, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीपेक्षाही जास्त. डग्ग्याचा घुमारा याच भागात असतो. इंचभर फोमला तो आवाज दादच देत नाही. फोम फक्त वरचा, चमकदार आवाज पितो आणि मग खोली मंद तरीही घुमणारी होते. पुढे कधी मनावर घेतलंत तर चार इंच जाडीच्या रॉकवूलच्या (दगडी धाग्यांच्या दाट गादीच्या) चौकटी करून कापडात नीट गुंडाळून कोपऱ्यांत लावा. पहिल्या वर्षी मात्र गोधड्या पुरतात.

बाहेरचा आवाज अडवणं ही वेगळी आणि फार खर्चिक गोष्ट आहे. ती घरी होत नाही, म्हणून वेळ निवडायची. माझी बरीच रेकॉर्डिंग्ज रात्री अकरानंतरची आहेत. पंखा बंद, एसी बंद, शेजारच्या खोलीतला फ्रिज चालू नसताना. दिवसा बसायचंच असेल तर घरच्यांशी आधी बोलून घ्या. माझ्या घरी हा संवाद वर्षानुवर्षं चालू आहे: "आई, दहा मिनिटं कुकर लावू नकोस ना." "तीन शिट्ट्या होऊ देत रे, मग बस तुझं गाणं म्हणत." आणि मी तीन शिट्ट्या होऊ देतो.

एक गोष्ट विजेची. रेकॉर्डिंगमध्ये सतत बारीक गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरचा किंवा घरच्या अर्थिंगचा आहे. थ्री-पिन सॉकेटला खरोखर अर्थिंग जोडलंय का हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं.

चौथी पायरी: हेडफोन. स्पीकर आत्ता नकोत

मी स्वतः आधी स्पीकर घेतले. दिसायला सुंदर, आवाज भरदार. एका अभंगाचं मिक्सिंग (गळा आणि वाद्यांच्या आवाजांचं प्रमाण जुळवणं) त्यावर केलं, डग्गा अगदी मनासारखा लागला. मग तो अभंग मित्राच्या गाडीत ऐकला तर डग्गा जवळजवळ गायब. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात खर्ज आपोआप फुगत होता, म्हणून मी डग्गा कमी करत गेलो होतो. स्पीकरचा काही दोष नव्हता. खोली सुधारल्याशिवाय स्पीकर खरं सांगत नाही, हे मला तेव्हा कळलं.

हेडफोनला खोली नसते. शिवाय गाताना साथ ऐकायला तो लागतोच. कान पूर्ण झाकणारा, पाठीमागून बंद असलेला हेडफोन घ्या, म्हणजे त्यातला तानपुरा बाहेर झिरपून माइकमध्ये जात नाही. सोनीचा एमडीआर ७५०६ हा १९९१पासून स्टुडिओंमध्ये वापरला जातो आणि आजही विकत मिळतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एम मालिकेत एम २०एक्स हा परवडणारा, एम ४०एक्स आणि एम ५०एक्स त्याच्या वरचे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो तासन्तास घालून बसायला आरामशीर. तो वेगवेगळ्या ओहमचा (विजेच्या रोधाचं माप) मिळतो. २५० ओहमचा छोट्या इंटरफेसवर हळू वाजू शकतो, तेव्हा ८० ओहमचा घ्या.

ब्लूटूथ हेडफोन या कामाला चालत नाही. त्यात आवाज उशिरा पोचतो. तबल्याची सम पडून गेल्यावर कानात येत असेल तर गाणार कसं? गाणी ऐकण्यासाठी बनवलेले 'एक्स्ट्रा बास' हेडफोनही बाजूला ठेवा.

पाचवी पायरी: इंटरफेस

माइकमधून येणारा विजेचा बारीक प्रवाह वाढवून, त्याचे आकडे करून कॉम्प्युटरला देणारी डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. कॉम्प्युटरमधून येणारा आवाज तीच हेडफोनकडे पाठवते. दुकानात उभे असताना चार गोष्टी बघा.

माइकसाठी एक्सएलआरची (तीन पिनांच्या गोल जोडणीची) भोकं किती आहेत? खोक्यावर 'चार इनपुट' लिहिलेलं असतं, पण त्यातले माइकचे दोनच असू शकतात. ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, आहे का? कंडेन्सर प्रकारचा माइक (त्याबद्दल पुढच्या पायरीत) तिच्याशिवाय चालत नाही. विंडोज असेल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) आहे का? आणि डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे का?

शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व पहिल्याच दिवशी कळतं. तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत हेडफोनमध्ये यायला वेळ लागतो. तो वेळ सॉफ्टवेअरमधल्या बफरवर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायच्या आवाजाच्या तुकड्यावर, अवलंबून असतो. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं, त्यातलं एकेक म्हणजे सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंद, १०२४चा म्हणजे एकवीस. आणि हा जाणं आणि येणं यांतल्या एकाच बाजूचा हिशेब झाला. एकवीसला स्वतःचाच आवाज दुसऱ्याचा वाटू लागतो आणि सूर सुटतो. रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा २५६ ठेवायचा, मिक्सिंगला वाढवायचा. कॉम्प्युटर जुना असेल तर डायरेक्ट मॉनिटर दाबायचं, म्हणजे आवाज इंटरफेसमधूनच थेट कानात येतो.

सुरुवातीला फोकसराइटचे स्कार्लेट सोलो आणि टूआयटू, बेहरिंगरचे यूएमसी मालिकेतले, ऑडियंटचा आयडी ४, मोटूचा एमटू हे सगळे विश्वासाने घ्यावेत असे आहेत. सोलोमध्ये माइकचं एकच भोक आहे, टूआयटूमध्ये दोन. पेटीवाल्याने मी टूआयटूसारखाच घ्यावा असं म्हणेन. यूएसबी माइकने एकट्याचं काम होतं, इंटरफेसही लागत नाही. पण दोन यूएसबी माइक एकाच वेळी नीट चालवणं डोकेदुखीचं असतं. साथीदार येण्याची शक्यता असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सहावी पायरी: माइक

माइकचे आपल्या कामाचे दोन प्रकार. डायनॅमिक माइक जवळचं ऐकतो, दूरचं फारसं ऐकत नाही, पडला-आपटला तरी टिकतो. कंडेन्सर माइक बारीकसारीक सगळं टिपतो: मुरकी, श्वास, आणि चौथ्या मजल्यावरचं कुत्रंही. शांत खोली असेल तर कंडेन्सर घ्या. घर रस्त्यावर असेल, खोली घुमत असेल, तर निःशंकपणे डायनॅमिक घ्या. 'स्टुडिओ म्हणजे कंडेन्सरच' या समजापायी लोक घुमणाऱ्या खोलीत कंडेन्सर लावून निराश होतात.

डायनॅमिकमध्ये शूरचा एसएम ५८ हा १९६६पासूनचा माइक आहे. रंगमंचावर तुम्ही तो शेकडो वेळा पाहिला असेल. त्याचा भाऊ एसएम ५७ वाद्यांना, विशेषतः तबल्याला छान लागतो. कंडेन्सरमध्ये ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० आणि रोडचा एनटी १. शूरच्या माइकची नक्कल बाजारात भरपूर फिरते. किंमत संशय यावा इतकी कमी असेल तर ती नक्कलच समजा आणि बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

मांडवातल्या माइकच्या केबलला बहुधा एका टोकाला जाड जॅक असतो. इंटरफेसला दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली केबल लागते. केबल, जड पायाचा स्टँड आणि पॉप फिल्टर यांचे पैसे आधीच बाजूला काढा. 'पांडुरंग' म्हणताना 'प'ची फुंकर माइकवर बसते आणि धप्प असा आवाज येतो. तो नंतर काढत बसण्यापेक्षा पॉप फिल्टर लावलेला बरा.

आता माइक कुठे ठेवायचा. यातून जितका फरक पडतो तितका माइकच्या कंपनीने पडत नाही.

गळ्यासाठी ओठांपासून वीतभर अंतर, माइक किंचित बाजूला कलता. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो. तारसप्तकात जाताना मान थोडी मागे न्या.

पेटीसाठी वरचं झाकण उघडा आणि माइक पट्ट्यांच्या बाजूने, दीड-दोन फूट अंतरावर, वरून खाली बघणारा ठेवा. भात्याच्या बाजूला ठेवलात तर भात्याचं फुसफुसणं सुरांपेक्षा मोठं येतं. पेटीखाली जाड सतरंजी हवी. पट्ट्यांची खडखड, सैल झालेला स्टॉप, भात्याच्या बिजागरीचा कर्रकर्र आवाज, हे सगळं मैफलीत ऐकू येत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये ठळक येतं. म्हणून आधी पेटी दुरुस्त करून घ्या.

तबल्यासाठी एकच माइक असेल तर तबला आणि डग्गा यांच्या मध्यावर, दीड फूट वर. मग ऐकत ऐकत एखादा इंच सरकवा. तबल्याकडे सरकवलात की चाटेचा 'ना' पुढे येतो, डग्ग्याकडे सरकवलात की 'घे'चा घुमारा. वादकाला पाच मिनिटं साधा ठेका धरायला सांगा आणि तोवर हेडफोन लावून माइक सरकवत राहा. योग्य जागा सापडली की ती कळतेच. मग चिकटपट्टीने जमिनीवर स्टँडच्या पायांची खूण करून ठेवा.

टाळ सगळ्यांवर मात करतो. टाळकऱ्याला चार-पाच फूट लांब, शक्य तर माइकच्या पाठीमागच्या बाजूला बसवा. त्याला वेगळा माइक दिलात तरी तो लांबच ठेवा.

सातवी पायरी: कॉम्प्युटर

असलेलाच वापरा. ८ जीबी रॅमवर सुरुवात होते, १६ असली तर वाद्यांचे आधीच रेकॉर्ड केलेले मोठे आवाज सहज चालतात. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका माइकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा घेतं. चार माइक, सहा मिनिटांचं भजन आणि आठ प्रयत्न धरले तर दीड जीबीच्या पुढे जातं. लॅपटॉपचा पंखा माइकपासून लांब राहील इतकी लांब केबल घ्या.

आठवी पायरी: सॉफ्टवेअर

लोक पहिल्यांदा विचारतात ते इथे आठव्या पायरीवर आलं आहे, कारण रेकॉर्ड करणं, कापणं, जोडणं, मिसळणं हे सगळीच सॉफ्टवेअर उत्तम करतात. ऐकणाऱ्याला ते कशावर केलं हे कधीच कळत नाही.

मॅक असेल तर गॅरेजबँडने सुरू करा. फुकट आहे, आणि पुढे लॉजिक प्रो घेतलंत तर हीच गाणी त्यात उघडतात. विंडोजवर, खऱ्या वाद्यांचं आणि गळ्याचं काम असेल तर माझं उत्तर रीपर. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो. आकाराने लहान, जुन्या लॅपटॉपवर हलकं. विनॅम्प ज्याने लिहिलं त्या जस्टिन फ्रँकेलच्याच कंपनीचं हे काम आहे. पहिल्या आठवड्यात ते रुक्ष वाटतं, दुसऱ्या महिन्यात हात बसतो.

बीट, हिपहॉप, डीजेच्या वळणाची गाणी करायची असतील तर एफएल स्टुडिओ. एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर मोफत मिळतात. पण दोन गोष्टी नीट वाचा. त्याच्या सर्वांत स्वस्त फ्रुटी आवृत्तीत माइकवरून गाणं रेकॉर्ड करता येत नाही, त्यासाठी प्रोड्युसर आवृत्ती लागते. आणि चाचणी आवृत्तीत जतन केलेलं काम परवाना घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. तुकडे जागच्या जागी फिरवत गाणं रचायची आवड असेल तर एबलटन लाइव्ह. त्याची लाइट आवृत्ती, किंवा क्युबेसची छोटी आवृत्ती, अनेक इंटरफेस आणि कीबोर्डसोबत फुकट येते. खोक्यातला नोंदणीचा कागद फेकू नका. ऑडॅसिटी मोफत आणि चांगलं आहे, पण मी ते कापाकापीपुरतंच वापरतो.

चोरीचं सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतात, ऐन कामात ते बंद पडतं. आपल्या गाण्याचं श्रेय आपल्याला मिळावं असं वाटत असेल तर दुसऱ्याच्या मेहनतीचंही मोल द्यायला हवं. मोफत पर्याय इतके आहेत की खरंच गरज नाही.

आपल्या संगीतासाठी सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच दिवशी दोन गोष्टी लावून घ्या. पहिली ताल. ही सॉफ्टवेअर चार मात्रांचा हिशेब धरूनच उघडतात. रूपकाला ७, झपतालाला १०, दादऱ्याला ६ मात्रांचं माप द्या, म्हणजे पडद्यावरची उभी रेघ समेवर येईल आणि आवर्तन कापणं-जोडणं सोपं जाईल. भजनी ठेक्याला ८ दिल्या की झालं. मुक्त आलापीला किंवा चढत्या लयीच्या गजराला मात्र सॉफ्टवेअरची टिकटिक लावूच नका, लय माणसाची राहू द्या.

दुसरी पट्टी. काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी पाच म्हणजे जी, हे जुळवणं सोपं. पण पेटी नेमकी ४४० हर्ट्झवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांच्या ठरलेल्या मापावर, असतेच असं नाही. मोफत ट्यूनर अ‍ॅप उघडा, पेटीचा ए म्हणजे पांढरी सहा दाबा आणि आकडा बघा. ४४२ आला तर पेटी सुमारे ८ सेंट चढी आहे. लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात, तेव्हा हे थोडं वाटेल, पण तिच्याबरोबर सॉफ्टवेअरमधली बासरी किंवा तानपुरा वाजला की कानाला सतत काहीतरी टोचत राहतं. पेटी बदलता येत नाही. म्हणून तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये आणि सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक वाद्यात तेवढे ८ सेंट चढवा. 'सगळं बरोबर आहे पण गोड लागत नाही' या तक्रारीचं मूळ मला बरेचदा इथेच सापडलं आहे.

प्लगइनच्या (सॉफ्टवेअरला वरून जोडायच्या जादा सोयींच्या) मागे धावू नका. सॉफ्टवेअरमधलेच इक्वलायझर (खर्ज आणि चमक यांचं प्रमाण बदलणारा), कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातली तफावत कमी करणारा), रिव्हर्ब (घुमारा देणारा) पहिल्या वर्षाला पुरतात. फार तर स्पिटफायरची मोफत लॅब्ज वाद्यं आणि यूलीनचं आवाजाची पातळी दाखवणारं मोफत मीटर घ्या. भारतीय वाद्यांसाठी स्वरप्लग आहे, पण ते विकत घेण्याआधी आपल्या गावात खरा बासरीवाला आहे का बघा.

नववी पायरी, गरज असली तरच: कीबोर्ड

हा कीबोर्ड स्वतः वाजत नाही, सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवतो. पेटी वाजवणाऱ्यांनी २५ पट्ट्यांचा घेऊ नये. पेटीचा हात सव्वातीन-साडेतीन सप्तकांत फिरलेला असतो, दोन सप्तकांत तो कोंडतो. ४९ पट्ट्यांचा, हलक्या पट्ट्यांचा घ्या. पिआनोसारख्या जड पट्ट्यांवर पेटीची बोटं दमतात. डाव्या हाताला पिच बेंडचं, म्हणजे सूर वर-खाली सरकवणारं, चाक हवंच. सनईची किंवा सारंगीची मींड त्याच्याशिवाय निघणार नाही. नुसते बीट करणाऱ्यांना मात्र पॅड असलेला २५ पट्ट्यांचा उत्तम.

पैशांची वाटणी आणि खरेदी

किमती सतत हलतात, म्हणून आकड्यांऐवजी प्रमाण सांगतो. शंभर रुपये असतील तर तीस इंटरफेसला, तीस माइकला, पंचवीस हेडफोनला आणि उरलेले पंधरा केबल-स्टँड-पॉप फिल्टरला. सॉफ्टवेअर मोफत किंवा चाचणीचं, खोलीला घरच्या गोधड्या. पंधरा-वीस हजारांत या प्रमाणात काम सुरू करता येतं. पैसे कमी असतील तर एकेक वस्तू घ्या: आधी हेडफोन, मग इंटरफेस आणि माइक एकत्र.

डायनॅमिक माइक आणि इंटरफेस जुने घ्यायला हरकत नाही, समोर लावून दाखवायला सांगा. प्रत्येक भोकात केबल घालून, गोल बटणं फिरवून खरखर येते का ऐका. कंडेन्सर मात्र जुना घेऊ नका. दमट हवेत नीट न ठेवलेला असेल तर आतून कुरकुरायला लागतो. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी आपलाही झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे केबल, कनेक्टर, अ‍ॅडॅप्टर स्वस्त मिळतात. माइक आणि इंटरफेस मात्र संगीताच्या दुकानातून, वॉरंटीसह घ्या.

पहिली बैठक

नव्या फोल्डरला गाण्याचं नाव आणि तारीख द्या. प्रोजेक्ट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, पुढे व्हिडिओला जोडायला सोपं जातं. फँटम पॉवर केबल लावल्यावर चालू करा आणि काढण्याआधी बंद. गायकाला गाण्यातली सर्वांत जोराची ओळ पूर्ण ताकदीने म्हणायला सांगा आणि सॉफ्टवेअरच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं इंटरफेसचं बटण लावा. हळू वाटलं तरी चालेल, नंतर वाढवता येतं. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

गाणं सुरू करण्याआधी वीस सेकंद सगळे गप्प बसा आणि नुसती खोली रेकॉर्ड करा. ती ऐका. घड्याळाची टिकटिक, बांगड्यांचा आवाज, ट्यूबलाइटची गुणगुण, जे सापडेल ते आत्ताच बंद करा.

मग पूर्ण गाणं तीनदा घ्या, मध्ये न थांबता. चुकलं तरी पुढे जा. तीन पूर्ण प्रयत्नांतून एक चांगलं गाणं जुळतं, तीस अर्धवट तुकड्यांतून जुळत नाही. बैठक संपली की त्याच रात्री फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

मिक्सिंग दुसऱ्या दिवशी, ताज्या कानांनी. आधी नुसता गळा आणि ठेका यांचं प्रमाण जुळवा, मग पेटी त्यांच्या खाली सरकवा, टाळ सगळ्यात शेवटी आणि वाटतो त्याहून कमी. रिव्हर्ब शब्द स्पष्ट ऐकू येतील इतकाच. एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास ठेवली तर स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर ती फारशी बदलत नाही. मग ती फाइल फोनवर घ्या आणि स्वयंपाकघरात, भांडी घासली जात असताना लावा. फोनच्या बारीक स्पीकरवर डग्ग्याचा खर्ज येणार नाही, पण बोल कळायला हवेत आणि शब्द तर प्रत्येक कळायला हवा. जो शब्द कळला नाही तो वहीत लिहून ठेवा आणि परत खोलीत जाऊन तेवढी ओळ वर घ्या.

आईला ऐकवा. "हा 'माउली' नीट ऐकू नाही आला रे," असं ती म्हणाली, तर तिथे खरंच काहीतरी राहिलेलं असतं.